विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेताना सरकारी अर्थसाहाय्य : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जांचा क्रम

विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'अशा मुलासाठी सरकार दरमहा किती देते?' पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ या प्रश्नात आहे. केवळ दत्तक घेतले म्हणून पालकांना दरमहा अनुदान देणारी सर्वसाधारण योजना महाराष्ट्रात नाही. मदत मिळते ती मुलाच्या प्रमाणित दिव्यांगत्वावर, कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि काही ठिकाणी केवळ मुलाच्या वयावर. मात्र दत्तकविधानाची कागदपत्रे योग्य क्रमाने झाली नाहीत, तर पूर्णपणे पात्र असलेले मूलही महिनोन्‌महिने या मदतीबाहेर राहते. बहुतेक अर्ज अडतात ते अपात्रतेमुळे नव्हे, तर एका कागदावरचे नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी जुळत नाही म्हणून.

हा लेख बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ नुसार, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या म्हणजे 'कारा'च्या मार्गाने महाराष्ट्रात दत्तक घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. रकमा आणि मर्यादा शासन निर्णयांनी बदलत असतात. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संबंधित कार्यालयात चालू आकडा विचारून घ्यावा.

सुरुवातीला : दोन वेगळ्या व्याख्या

'कारा'च्या केअरिंग्ज संकेतस्थळावर मुलाची नोंद 'विशेष गरजा असलेले बालक' अशी असणे ही एक गोष्ट, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार ते मूल 'दिव्यांग' ठरणे ही दुसरी. पहिली नोंद दत्तक प्रक्रियेसाठी असते. तिच्यात कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेली मुले येतात, तशीच उपचारांनी बरी होऊ शकणारी स्थिती असलेली मुलेही येतात. दुसरी व्याख्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची आहे आणि बहुतेक सरकारी लाभांसाठी त्यातले किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावे लागते.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. दुभंगलेल्या ओठाचे किंवा हृदयाला छिद्र असलेले मूल 'विशेष गरजा' या नोंदीखाली घरी येऊ शकते, पण शस्त्रक्रियेनंतर त्याला दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. अशा मुलासाठी मासिक अर्थसाहाय्याच्या मागे न लागता मोफत शस्त्रक्रियेची योजना शोधावी लागते. मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा श्रवणदोष असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र प्रमाणपत्र हाच सगळ्या मदतीचा पाया आहे.

> तपासणी : मुलाच्या वैद्यकीय अहवालातील निदान २१ प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारले आहे का? उत्तर 'कोणत्याच नाही' असे असल्यास टप्पा ५ तुम्हाला लागू नाही. टप्पा ६ मधील आरोग्यविषयक भाग मात्र वाचावा.

टप्पा १ : नोंदणीपूर्वीची तयारी

पालकांची पात्रता दत्तक विनियम २०२२ ठरवतात. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे लागते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. मुलाचे वय जितके कमी, तितकी पालकांच्या वयाची मर्यादा कडक असते : दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत आणि एकल पालकाचे वय ४० पर्यंत चालते, तर ८ ते १८ वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे ११० आणि ५५ असे आहेत. ज्या दांपत्याला आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यांचा विचार सर्वसाधारण बालकासाठी होत नाही. विशेष गरजा असलेल्या आणि सहजी कुटुंब न मिळणाऱ्या बालकांसाठीच होतो. या नियमामुळे काही कुटुंबे दुसरा पर्याय नाही म्हणून या मार्गाकडे वळतात. माझ्या मते हे कारण पुरेसे नाही आणि गृह अध्ययन, म्हणजे पालकांच्या घरी येऊन त्यांच्या योग्यतेची पाहणी, करणाऱ्या समाजकार्यकर्त्याच्या ते लक्षात येतेच.

आर्थिक तयारीच्या बाबतीत एक विसंगती आधीच समजून घ्यावी. दत्तक घेण्यासाठी तुम्ही आर्थिकदृष्ट्या सक्षम आहात हे दाखवावे लागते. उलट उत्पन्नाशी जोडलेल्या मासिक साहाय्याच्या योजनांत तुमचे उत्पन्न अत्यंत कमी असल्याचे दाखवावे लागते. उदाहरणार्थ, संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५०,००० रुपये आहे. गृह अध्ययनात सक्षम ठरलेले बहुतेक कुटुंब या मर्यादेत बसणारच नाही. म्हणून घरखर्चाचे गणित मांडताना ही रक्कम जमेच्या बाजूला धरू नये. थेरपी, प्रवास, विशेष शाळा, दर काही वर्षांनी बदलावी लागणारी उपकरणे आणि दोघांपैकी एकाच्या कामाचे कमी होणारे तास यांचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून झेपतो की नाही, हे आधी पाहावे. सरकारी मदतीने हा भार हलका होईल. ती त्याची पूर्ण भरपाई करील असे धरून चालू नये.

> सावधान : दत्तक प्रक्रियेसाठी जास्त उत्पन्न आणि योजनेसाठी कमी उत्पन्न, असे दोन वेगळे दाखले तयार करू नयेत. आयकर विवरणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि गृह अध्ययन अहवालातील आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. विसंगती उघड झाली तर साहाय्य बंद होणे ही त्यातली सर्वांत लहान अडचण असेल.

याच टप्प्यावर दुसरा गैरसमज दूर करावा. बालसंगोपन योजनेची रक्कम आणि मिशन वात्सल्य अंतर्गत मिळणारे दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व किंवा प्रतिपालकत्व साहाय्य, यांपैकी काहीही दत्तक पालकांसाठी नाही. पहिल्या योजनेचा आणि प्रायोजकत्वाचा उद्देश अडचणीतल्या मुलाला संस्थेत जाऊ न देता कुटुंबात वाढवणे हा आहे, तर प्रतिपालकत्व ही तात्पुरती व्यवस्था आहे. प्रतिपालक म्हणून मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाने पुढे तेच मूल दत्तक घेतले, तर मूल कायद्याने त्यांचे अपत्य होते आणि प्रतिपालकत्वाचे साहाय्य थांबते. 'दत्तक घेतले तरी चार हजार चालू राहतील' असे कोणी सांगितल्यास तो शब्द लेखी मागावा. तो मिळणार नाही.

टप्पा २ : मूल स्वीकारण्यापूर्वी विचारायचे प्रश्न आणि मागायचे कागद

पुढच्या सर्व अर्जांचे यश या टप्प्यावर ठरते आणि पालक सर्वांत जास्त घाई इथेच करतात.

केअरिंग्जवर मुलाचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. हा अहवाल स्वतःच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याचा, गरज पडल्यास मुलाची पुन्हा तपासणी करून घेण्याचा हक्क पालकांना आहे. तो वापरावा. अहवाल समोर ठेवून डॉक्टरांना पुढील प्रश्न विचारावेत : निदान निश्चित आहे की संभाव्य? स्थिती स्थिर आहे, सुधारणारी आहे की वाढत जाणारी? पुढच्या पाच वर्षांत कोणत्या शस्त्रक्रिया, उपकरणे किंवा थेरपी लागतील? वयाचे भान ठेवून उत्तर ऐकावे, कारण वर्षभराच्या बाळाच्या बौद्धिक विकासाविषयी कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही.

त्यानंतर विशेष दत्तक संस्थेकडून पुढील कागद मागून घ्यावेत.

१. आतापर्यंतच्या सर्व तपासण्यांचे मूळ अहवाल : श्रवणचाचणी, दृष्टितपासणी, मेंदूचे स्कॅन, हृदयाची सोनोग्राफी, विकासात्मक चाचणी, यांपैकी जे झाले असेल ते.

२. लसीकरणाचे कार्ड आणि रुग्णालयातून घरी सोडतानाचे कागद.

३. आधीच दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र (दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड) काढले असल्यास त्याची प्रत आणि नोंदणी क्रमांक.

४. मुलाचे आधार काढले असल्यास त्याचा क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक कोणाचा आहे याची माहिती.

५. मूल दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त असल्याच्या बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत.

यातला तिसरा आणि चौथा कागद न मागणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. संस्थेने आधीच जुन्या नावाने वैश्विक ओळखपत्र काढलेले असते, पालक नव्या नावाने पुन्हा अर्ज करतात आणि एकाच मुलाच्या दोन नोंदी झाल्यामुळे दोन्ही अडकतात. जुनी नोंद असेल तर नवा अर्ज करायचा नसतो; नाव आणि पालकांची माहिती बदलण्याचा अर्ज करायचा असतो.

> सावधान : रुग्णालयातून, ओळखीच्या दाईकडून किंवा 'आईवडिलांना नको आहे' असे सांगणाऱ्या मध्यस्थाकडून परस्पर मूल घेणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मुलाच्या नावे पुढचा एकही कागद वैध रीतीने तयार होत नाही. साहाय्याचा प्रश्न तर फार पुढचा.

टप्पा ३ : दत्तकपूर्व संगोपनाचा काळ

मूल घरी आले, पण दत्तक आदेश अजून झालेला नाही, असा हा काळ असतो. या काळात मूल तुमच्या ताब्यात असले तरी कायद्याने तुमचे अपत्य झालेले नसते. त्यामुळे शिधापत्रिकेत नाव चढवणे, मुलाच्या नव्या नावाने प्रमाणपत्राचा अर्ज करणे, आयकरात वजावट मागणे, यांपैकी काहीही आत्ता करू नये.

उपचार मात्र थांबवू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी होते, आणि पुढील उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत मोफत दिले जातात. श्रवणदोष, वाकडी पावले किंवा विकासातील विलंब यांत लवकर सुरू केलेल्या उपचारांना जे फळ येते, ते दोन वर्षांनी मिळणाऱ्या अनुदानाने भरून निघत नाही. सरकारी रुग्णालयातला केसपेपर मुलाच्या त्या वेळच्या नोंदीतील नावानेच काढावा आणि दत्तकपूर्व संगोपनाच्या प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत ठेवावी. हाच केसपेपर पुढे दिव्यांगत्व तपासणीत उपचारांचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

टप्पा ४ : दत्तक आदेशानंतरचे कागद, याच क्रमाने

बाल न्याय अधिनियमात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली आणि दत्तक आदेश देण्याचा अधिकार त्या दुरुस्तीने न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला. तुमचा आदेश न्यायालयाचा असो वा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा, त्याच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच पुरेशा संख्येने काढून ठेवाव्यात. मूळ प्रत कोणत्याही कार्यालयात जमा करू नये.

१. जन्मदाखला. दत्तक आदेशाच्या आधारे पालकांची नावे आणि मुलाचे नवे नाव असलेला दाखला जन्म-मृत्यू निबंधकाकडून मिळवावा. यासाठी संस्थेने साहाय्य करणे अपेक्षित असते. दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी तपासावी, कारण पुढचे सगळे कागद याच दाखल्याची नक्कल करतात.

२. आधार. जुने आधार असेल तर नाव, पत्ता आणि पालकांची माहिती अद्ययावत करावी. पाच वर्षांखालील मुलाचे बाल आधार आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडले जाते आणि त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर जैविक माहिती देऊन ते अद्ययावत करावे लागते.

३. शिधापत्रिका. मुलाचे नाव चढवल्याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेताना रुग्णालयात अडचण येते.

४. बँक खाते. मुलाच्या नावे, पालक संरक्षक म्हणून असलेले खाते उघडावे आणि ते आधारशी जोडावे. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते.

५. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला. हे सर्वांत शेवटी काढावेत, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मर्यादित असते आणि तो लवकर काढल्यास अर्जाच्या वेळी शिळा झालेला असतो.

> तपासणी : जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका आणि बँक पासबुक हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. मुलाचे पूर्ण नाव, आडनावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि पत्ता चारही ठिकाणी अक्षरशः सारखे आहेत का? एक अक्षर वेगळे असेल तर आत्ताच दुरुस्त करा. पुढच्या टप्प्यावर ही दुरुस्ती दुप्पट वेळ घेते.

टप्पा ५ : दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. त्यासाठी आधार, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. तपासणी तुमच्या राहत्या जिल्ह्यातील अधिसूचित रुग्णालयात किंवा जिथे मुलावर उपचार चालू आहेत किंवा झाले आहेत त्या अधिसूचित रुग्णालयात करून घेता येते. मूल नागपूरच्या संस्थेतून आले आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल, तर साताऱ्याचा पर्याय निवडावा. जुने कागद नागपूरचे आहेत म्हणून तिकडे जाण्याची गरज नाही.

तपासणीच्या दिवशी टप्पा २ मध्ये जमवलेले सर्व मूळ अहवाल तारखेनुसार लावलेल्या फाइलमध्ये न्यावेत. डॉक्टरांपुढे मूल बिथरते, रडते किंवा झोपी जाते आणि तपासणी अर्धवट राहते. म्हणून मुलाच्या भुकेची आणि झोपेची वेळ सांभाळून पोहोचावे, आणि घरी ते काय करू शकते, काय करू शकत नाही, हे एका पानावर लिहून न्यावे. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नतेच्या तपासणीत या पानाचा मोठा उपयोग होतो.

ओळखपत्राचा रंग टक्केवारी सांगतो. ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या आत असल्यास पिवळा आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळा. पांढरे कार्ड हातात आले म्हणजे सर्व लाभ मिळणार, असे समजणारे पालक भेटतात. बहुतेक योजनांसाठी पिवळे किंवा निळे कार्डच लागते.

लहान मुलांना अनेकदा तात्पुरते प्रमाणपत्र दिले जाते, कारण वाढीबरोबर स्थिती बदलू शकते. त्याच्या मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा.

> सावधान : टक्केवारी वाढवून देतो असे सांगणारे दलाल सरकारी रुग्णालयांच्या आवारात भेटतात. बनावट प्रमाणपत्र पकडले गेले तर खटला पालकांवर होतो आणि मुलाचे खरे प्रमाणपत्र मिळणेही अवघड होऊन बसते.

टप्पा ६ : तुमचे मूल नेमके कशासाठी पात्र आहे?

आता, आणि आत्ताच, योजनांची यादी समोर घ्यावी. उत्पन्नाची अट नसलेली मदत आधी पाहावी, कारण दत्तक कुटुंबांच्या उपयोगाची बहुतेक मदत तीच असते.

*उत्पन्नाची अट नसलेली मदत*

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा उल्लेख वर आलाच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली असून, प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र ते ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच मिळते. शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून तो उपचार यादीत आहे का, हे पाहावे. आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्याची सोय या योजनेत नाही, ही गोष्ट लोक विसरतात.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची (याच दिव्यांगत्वांसाठी असलेल्या केंद्रीय संस्थेची) 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. माझ्या मते दत्तक पालकांनी सर्वांत आधी भरावा असा हा अर्ज आहे. वार्षिक संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असते. प्रवेशापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आधीपासूनच्या आजाराचे कारण देऊन नकार मिळत नाही आणि नियमित थेरपी व बाह्यरुग्ण खर्चही ठरावीक उपमर्यादांत मिळतो. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी २५० रुपये आणि इतरांसाठी ५०० रुपये आहे. नूतनीकरण अनुक्रमे ५० आणि २५० रुपयांत होते. अर्ज न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या संस्थेमार्फत करावा लागतो. विमा आर्थिक वर्षाप्रमाणे चालतो, त्यामुळे ३१ मार्चपूर्वी नूतनीकरण केले नाही तर एप्रिलमधल्या थेरपीची बिले स्वतःच्या खिशातून जातात. श्रवण किंवा दृष्टिदोष हे एकमेव दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मात्र ही योजना लागू नाही.

शिक्षणात, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांमध्ये महाराष्ट्रात दिव्यांग मूल वंचित गटात मोडते आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते. ती साधने आणि सेवांवर खर्च होते, पालकांच्या खात्यात येत नाही. मुलींसाठी दरमहा २०० रुपयांचा विद्यावेतन भत्ता वर्षातले दहा महिने मिळतो. शाळेतील विशेष शिक्षकाकडे मुलाची नोंद झाली आहे की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे.

स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो. काही महापालिका त्यातून दिव्यांग मुलांना किंवा त्यांच्या पालकांना थेट रक्कम देतात, तर ग्रामपंचायती बहुधा वर्षातून एकदा साहित्य किंवा साहाय्य देतात. अटी गावोगावी वेगळ्या असतात. महापालिकेच्या समाज विकास विभागात किंवा ग्रामसेवकाकडे जाऊन विचारण्याखेरीज यावर उपाय नाही.

*उत्पन्नाची अट असलेली मदत*

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साहाय्य २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. वार्षिक ५०,००० रुपयांच्या उत्पन्नमर्यादेबरोबरच महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांच्या वास्तव्याची अटही आहे.

केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेत चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कॅलिपर अशी साधने मिळतात. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधनाची पूर्ण किंमत, आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मी किंमत मिळते. ही मर्यादा पालकांच्या उत्पन्नाची आहे. संस्थेत असताना मुलाला मोफत मिळालेले श्रवणयंत्र बदलण्याची वेळ आली की हाच नियम तुम्हाला लागू होतो. याच योजनेखाली लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटही (कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवण उपकरण) मिळते आणि मुंबईतील वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्याचे काम पाहते. तिथे वयाची मर्यादा फार काटेकोर असल्याने श्रवणदोष असलेले लहान मूल घरी येताच चौकशी करावी.

नववी-दहावीतील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे.

*आयकर आणि नोकरीतील लाभ*

दिव्यांग अवलंबिताच्या संगोपनासाठी आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८०डीडी खाली ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च याहून कमी असला तरी रक्कम ठरलेलीच असते. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरून नंतर वजावट शोधणारे पालक दरवर्षी दिसतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी नमुना १०-आयए मधले प्रमाणपत्र लागते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक वेगळे असतील. कर सल्लागाराला जुन्या क्रमांकाने विचारले तरी चालेल. दत्तक आदेश ज्या वर्षी झाला त्या वर्षापासूनच वजावट मागणे सुरक्षित.

सरकारी नोकरीत असलेल्या पालकांनी आदेशाची प्रत आस्थापना विभागात देऊन मुलाचे नाव सेवापुस्तकात आणि कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या नामनिर्देशनात चढवून घ्यावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना दिव्यांग अपत्यासाठी शैक्षणिक भत्ता दुप्पट दराने मिळतो, आणि स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजीवन कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकते. सेवापुस्तकातली नोंद निवृत्तीनंतर करायला गेल्यास फार त्रास होतो.

परदेशात राहून भारतातून मूल दत्तक घेणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकेत 'विशेष गरजा' असलेल्या मुलाच्या दत्तकासाठी प्रत्यक्ष खर्च न दाखवताही पूर्ण करसवलत मिळते असे वाचनात येते. ती तरतूद अमेरिकेतील राज्याने विशेष गरजा असल्याचे ठरवलेल्या, अमेरिकेच्या नागरिक किंवा रहिवासी मुलांपुरती आहे. भारतातून नेलेल्या मुलासाठी प्रत्यक्ष झालेल्या दत्तक खर्चावरचीच सवलत मागता येते.

टप्पा ७ : अर्ज, पाठपुरावा आणि नकार

प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. ऑनलाइन अर्जाचा क्रमांक एका वहीत तारखेसह लिहावा. सर्व अर्ज एकाच आठवड्यात भरू नयेत. आधी निरामय, मग शाळेतील नोंद, मग साधने आणि शेवटी स्थानिक संस्थेचे साहाय्य, असा क्रम ठेवल्यास एका अर्जातली कागदाची त्रुटी पुढच्या अर्जात टाळता येते.

खिडकीवरचा कर्मचारी 'मूल दत्तक आहे, मग ही योजना नाही' असे म्हणाला, तर वाद घालत बसू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६३ नुसार दत्तक आदेशाच्या तारखेपासून ते मूल सर्व बाबतींत दत्तक पालकांचे अपत्य ठरते. या कलमाचा उल्लेख असलेला अर्ज आदेशाच्या प्रतीसह द्यावा आणि नकार लेखी मागावा. उलट, 'मूल अनाथ होते' म्हणून अनाथांसाठीच्या सवलती आपण मागू नयेत. दत्तकानंतर मुलाला कुटुंब आहे आणि त्याच कलमामुळे ती मागणी टिकत नाही.

दिव्यांगत्वाची टक्केवारी मान्य नसल्यास निर्णयापासून ९० दिवसांत अपिलीय वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येते. अपिलासोबत केवळ तक्रार न जोडता नवा तज्ज्ञ अहवाल जोडावा. योजनेच्या अर्जावर कार्यालय महिनोन्‌महिने गप्प राहिले, तर प्रथम त्याच कार्यालयाच्या प्रमुखाला स्मरणपत्र द्यावे, मग जिल्हा समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्याकडे जावे आणि त्यानंतर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करावी. पायरी सोडून थेट वर केलेली तक्रार बहुधा फिरून पुन्हा खालीच येते.

दत्तकानंतरची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजकार्यकर्ता घरी येतो. ही भेट तपासणी समजून टाळू नये. अडकलेले अर्ज, न मिळालेले कागद, संस्थेकडे राहिलेला एखादा जुना अहवाल, हे सर्व त्या भेटीत मांडावे आणि अहवालात त्याची नोंद करून घ्यावी, कारण संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडून काम करून घेण्याची सर्वांत सोपी संधी या दोन वर्षांतच असते.

मूल १८ वर्षांचे होण्यापूर्वी

सज्ञान झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मूल दत्तक असो वा नसो, नियम तोच. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या ज्या व्यक्तीला स्वतःचे व्यवहार पाहता येत नाहीत, तिच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. हा आदेश नसल्यास बँक खाते, विम्याचे दावे आणि मासिक साहाय्य यांवर पालकांची सही चालत नाही. अर्जाला जन्मदाखला, दत्तक आदेश, वैश्विक ओळखपत्र आणि पालकांचे ओळखपुरावे जोडावे लागतात. सतराव्या वर्षी या कागदांची जुळवाजुळव सुरू करावी आणि अठरावा वाढदिवस झाल्यावर लगेच अर्ज दाखल करावा.